उतरण्यासाठी चढायचे!

मराठीत 'ला' हा द्वितीया-चतुर्थीचा प्रत्यय आहे. लडाखी भाषेत मात्र 'ला' म्हणजे खिंड. मनालीहून लेहला सायकलने जाताना आठ-दहा दिवस हाच एक प्रत्यय माणसाचा पिच्छा पुरवतो. त्यांतही जाणकार सायकलस्वार ज्या दिवसाचे नाव जरा आवाज खाली आणून घेतात, तो सरचू ते पांग हा टप्पा. अंतर म्हणाल तर ऐंशी किलोमीटरही भरायचे नाही. पुण्याचा एखादा तरुण एवढी रपेट करून दुपारी घरी जेवायला येईल. इथे पहाटे निघालेला माणूस दिवेलागणीला पोहोचला तरी भाग्याचा!

कारण वाटेत दोन खिंडी आहेत. पहिली नकी ला, ४,७३९ मीटर. दुसरी लाचुंग ला, ५,०५९ मीटर. आपले कळसूबाई एकावर एक असे तीन रचले तरी लाचुंग ला त्यांच्यावर उरेल. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडासाच अधिक असतो. फुप्फुसे भाता ओढतात, पण पदरात निम्मेच पडते.

२०१८ सालच्या ऑगस्टात आम्ही तिघे या वाटेवर होतो. मी, आमच्या कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक आणि त्यांचा बावीस वर्षांचा भाचा. तिघांत धट्टाकट्टा तोच. सरचूच्या तंबूत सकाळी त्याने चहा नको म्हटले, तेव्हाच त्याच्या मामांनी चष्मा पुसून त्याच्याकडे नीट पाहिले.

"डोकं जरा दुखतंय मामा, बाकी काही नाही."

"बाहेर ये. या रेघेवरून चाल. अंगठ्याला टाच भिडवत."

भाचा हसत निघाला आणि चौथ्या पावलाला कलंडला. पुन्हा चालला, पुन्हा कलंडला. विरळ हवेत डोके पुष्कळांचे दुखते. तोल जाणे हे मात्र मेंदूला सूज येऊ लागल्याचे लक्षण असू शकते, आणि त्यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे.

पण सरचूहून उतरणार कुठे? गाव (गाव कसले, तंबूंची रांग!) सुमारे ४,३०० मीटरवर. मागे ४,८९० मीटरची बारालाचा ला, पुढे आमच्या दोन खिंडी, आणि त्या ओलांडून येणारे पांग तर सरचूहूनही उंच. म्हणजे खाली जायचे तरी आधी चढल्यावाचून सुटका नाही. या रस्त्याची खरी भीती चढाची नाही, या कोंडीची आहे.

प्राध्यापकांनी तोंडी हिशोब केला. "मागे सहाशे मीटर वर, की मग केलाँगपर्यंत अठराशे मीटर खाली. जीप करतो." एका चालकाकडे प्राणवायूचे नळकांडे निघाले. मी माझी सायकल टपावर चढवू लागलो, तर त्यांनी हात धरला. "तुम्ही जा हो. तिघे परत फिरलो म्हणून याचं डोकं लवकर उतरणार आहे का?"

मी निघालो. पहिले वीस-बावीस किलोमीटर त्साराप नदीच्या काठाने जवळजवळ सपाट जातात. मग एका उघड्याबोडक्या डोंगरावर एकावर एक घड्या घातल्यासारखा रस्ता दिसतो. हेच गाटा लूप्स, एकवीस वळणे. चढ सौम्य राहावा म्हणून रस्ता बांधणाऱ्यांनी तो लांबवला आहे. आगगाडी बोरघाट चढते तीही याच न्यायाने. सर्वांत हलका गिअर टाकूनही माझा वेग पायी चालणाऱ्याएवढाच होता. एका वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आहे. बंद पडलेल्या ट्रकजवळ थांबलेला क्लीनर थंडीने आणि तहानेने तिथे गेला, असे सांगतात. येणारे-जाणारे त्याच्यासाठी पाणी ठेवतात. एरवी मी अशा कथांकडे लोकवाङ्मय म्हणून पाहतो. त्या दिवशी मुकाट्याने माझ्या बाटलीतले पाणी तिथल्या एका रिकाम्या बाटलीत ओतले.

नकी लावरून कमावलेली उंची थोडी गमवावी लागते आणि लाचुंग लासाठी ती पुन्हा विकत घ्यावी लागते. दुपारनंतर समोरून वारा सुटला. शेवटचे दोन किलोमीटर मी पन्नास पावले सायकल ढकलायची आणि थांबायचे, असेच केले. खिंडीतल्या पताका फडफडत होत्या. फोटो काढायला सोबत कोणी नव्हते, आणि खरे सांगायचे तर इच्छाही नव्हती. पुढचा उतार दगडधोंड्यांचा, नुसता मनगटे मोडणारा.

पांगला अंधारात पोहोचलो. तंबूवाल्या आमा-लेंनी 'जुले' म्हणून गरम पाणी पुढे केले. फोन कुठेच लागत नव्हता. मी प्रत्येक ट्रकवाल्याला विचारले, "केलाँगहून आलात का?" एकही तिथून आलेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी, तांगलांग ला उतरून उपशीला आलो तेव्हा खिशातला फोन वाजला. पलीकडे भाचा होता. केलाँगला पोहोचेपर्यंत डोके निम्मे उतरले होते, डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेऊन आता सोडले होते.

"काका, मामांना जरा सांगा ना," तो म्हणाला, "रोज सकाळी चहाच्या आधी मला रेघेवरून चालवतात!"