कोंबडीची अंडी उबवणे

कोंबडीची अंडी उबवणे म्हणजे फलित अंड्यांना ठरावीक तापमान, आर्द्रता व खेळती हवा पुरवून त्यांतील गर्भाची पूर्ण वाढ होऊ देणे. ही वाढ सुमारे २१ दिवसांत पूर्ण होते व पिल्लू कवच फोडून बाहेर येते. अंडी कोंबडीखाली उबवली तर तिला नैसर्गिक उबवणी आणि यंत्रात उबवली तर कृत्रिम उबवणी म्हणतात. कृत्रिम उबवणीत गर्भाचे मृत्यू मुख्यतः दोन टप्प्यांत होतात: पहिल्या आठवड्यात आणि शेवटच्या तीन दिवसांत. शेवटच्या टप्प्यात पिल्लाला कवचातून सोडवण्याचा मोह पाळणाऱ्यास होतो. मात्र अवेळी केलेली मदत पिल्लाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून पिल्लू बाहेर येण्याची नैसर्गिक क्रिया समजून घेणे हा उबवणीच्या ज्ञानाचा गाभा मानला जातो.

नैसर्गिक उबवणी

अंडी घालणे थांबवून घरट्यात ठाण मांडून बसणाऱ्या कोंबडीला खुडूक कोंबडी म्हणतात. ग्रामीण महाराष्ट्रात टोपलीत गवत किंवा भुसा घालून, शांत व अंधाऱ्या कोपऱ्यात तिच्याखाली साधारणपणे १० ते १२ अंडी ठेवण्याची पद्धत आहे. खुडूक कोंबडी चोचीने व पायांनी अंडी वारंवार हलवते, कडेची अंडी मध्ये ओढते आणि दिवसातून थोडाच वेळ दाणापाण्यासाठी उठते. या थोड्या वेळात अंडी किंचित गार होतात, परंतु त्याने गर्भाला अपाय होत नाही. उबवणी यंत्राची रचना कोंबडीच्या याच वर्तनाचे अनुकरण करते. देशी कोंबड्यांत खुडूक बसण्याची प्रवृत्ती प्रबळ असते. अधिक अंडी देण्यासाठी निवडलेल्या व्यापारी जातींत ती जवळजवळ नाहीशी झाली आहे. त्यामुळे अशा जातींची पैदास यंत्रावरच अवलंबून असते.

इतिहास

कृत्रिम उबवणी प्राचीन आहे. इजिप्तमध्ये शेणाच्या उकिरड्यात अंडी पुरून उबवली जात, असा उल्लेख ॲरिस्टॉटलच्या लेखनात आहे. पुढे तेथे मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्या वापरात आल्या. त्यांत तापमापक नसे. अनुभवी कारागीर अंडे पापणीला लावून उष्णतेचा अंदाज घेत. चीनमध्येही कृत्रिम उबवणीची परंपरा जुनी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ रेने द रेओम्यूर यांनी १७४९ मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तापमान आपोआप राखणारी यंत्रे व्यवहारात आली आणि विसाव्या शतकात विजेवर चालणाऱ्या यंत्रांमुळे एका वेळी हजारो अंडी उबवणे शक्य झाले. महाराष्ट्रात पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर व कोल्हापूर येथे आहेत.

अंड्यांची निवड व साठवण

बाजारात खाण्यासाठी मिळणारी अंडी बहुधा नराविना ठेवलेल्या कोंबड्यांची, म्हणजे अफलित असतात. त्यांतून पिल्लू निघत नाही. उबवणीसाठी ८ ते १० माद्यांमागे एक नर असलेल्या कळपातील अंडी घेतात. फार लहान, फार मोठी, तडा गेलेली, पातळ कवचाची किंवा मळलेली अंडी वगळतात. अंडी धुण्याचे टाळतात, कारण धुताना कवचावरील संरक्षक पापुद्रा निघून जातो व जंतू छिद्रांवाटे आत शिरू शकतात.

अंडी निमुळते टोक खाली ठेवून, १३ ते १८ अंश सेल्सिअस तापमानात सुमारे सात दिवसांपर्यंत साठवता येतात. त्यापुढे दर दिवशी त्यांची उबवणक्षमता कमी होत जाते. प्रवास करून आलेली अंडी यंत्रात ठेवण्यापूर्वी १२ ते २४ तास स्थिर राहू देतात.

उबवणीचे चार घटक

तापमान: पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस तापमान राखतात. पंखा नसलेल्या यंत्रात वर गरम व खाली गार हवेचे थर तयार होतात. म्हणून तेथे अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८.५ ते ३९ अंश तापमान ठेवतात. थोड्या काळच्या गारठ्यापेक्षा अतिउष्णता अधिक घातक असते. तापमान सतत किंचित कमी राहिल्यास पिल्ले उशिरा निघतात व सुस्त असतात. सतत किंचित जास्त राहिल्यास ती लवकर निघतात, पण अनेकांची बेंबी नीट मिटलेली नसते.

आर्द्रता: पहिले १८ दिवस सापेक्ष आर्द्रता ५० ते ५५ टक्के व शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के किंवा थोडी अधिक ठेवतात. कवचातील हजारो सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडत असते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन सुमारे ११ ते १३ टक्के घटणे योग्य समजले जाते. या घटीमुळेच बोथट टोकाकडील वायुकोश मोठा होतो, आणि पिल्लू आपला पहिला श्वास याच वायुकोशात घेते.

हवा: वाढणारा गर्भ ऑक्सिजन घेतो व कार्बन डायऑक्साइड सोडतो. शेवटच्या दिवसांत ही गरज सर्वाधिक असते. आर्द्रता वाढवण्यासाठी यंत्राची हवेची छिद्रे पूर्ण बंद केल्यास पिल्ले कवचातच गुदमरतात.

फिरवणे: अंडी न फिरवल्यास गर्भ कवचाच्या आतील पडद्याला चिकटतो. मोठ्या यंत्रांत ती दर तासाला दोन्ही बाजूंना ४५ अंशांत आपोआप कलतात. हाताने फिरवायची असल्यास दिवसातून किमान तीन ते पाच वेळा फिरवतात व खूण म्हणून कवचाच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली, तर दुसऱ्या बाजूला गोल काढतात. अठराव्या दिवसापासून फिरवणे थांबवतात.

प्रकाशतपासणी

अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या बोथट टोकाला तीव्र प्रकाश लावून आतील स्थिती पाहता येते. सातव्या दिवशी जिवंत गर्भाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रक्तवाहिन्या दिसतात. अफलित अंडे स्वच्छ दिसते, तर मृत गर्भाच्या अंड्यात बहुधा रक्ताचे वलय आढळते. अशी अंडी काढून टाकतात, कारण ती सडून फुटल्यास इतर अंडी दूषित होतात. चौदाव्या व अठराव्या दिवशी वायुकोशाचा आकार पाहून आर्द्रता योग्य होती की नाही हे ठरवता येते.

पिल्लू बाहेर येण्याची क्रिया

शेवटच्या आठवड्यात गर्भ अंड्यात लांबीच्या दिशेने वळतो. सामान्य स्थितीत त्याचे डोके बोथट टोकाकडे, उजव्या पंखाखाली आणि चोच वायुकोशाच्या दिशेने असते. यानंतर पुढील घटना क्रमाने घडतात.

१. एकोणिसाव्या दिवसाच्या सुमारास उरलेला पिवळा बलक बेंबीवाटे पिल्लाच्या पोटात ओढला जाऊ लागतो. हा बलक जन्मानंतर दोन ते तीन दिवस त्याचे अन्न असतो.

२. पिल्लू आतील पडदा भेदून वायुकोशात चोच घालते व फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते. या वेळी अंड्यातून चिवचिवाट ऐकू येतो.

३. वायुकोशातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढत जाते. त्यामुळे मानेच्या स्नायूला झटके बसतात आणि चोचीवरील टणक टोक, म्हणजे अंडदंत, कवचावर आपटून पहिला तडा जातो.

४. यानंतर पिल्लू बराच काळ, अनेकदा १२ ते २४ तास, निश्चल असल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात या काळात कवचाच्या आतल्या पडद्यातील रक्तवाहिन्यांतून रक्त शरीरात परत येत असते व बलक पूर्णपणे आत जात असतो.

५. शेवटी पिल्लू अंगाभोवती हळूहळू फिरत कवच वर्तुळाकार कापते, पायांनी रेटा देते आणि टोपण उघडून बाहेर येते. अंडदंत काही दिवसांत गळून पडतो.

एका घरट्यातील अंडी जवळजवळ एकाच वेळी फुटण्यामागे पिल्लांचे आवाजही कारणीभूत असतात. मार्गारेट व्हिन्स यांनी १९६० च्या दशकात बॉबव्हाइट या लावावर्गीय पक्ष्यावर प्रयोग केले. एकमेकांना चिकटून असलेल्या अंड्यांतील गर्भ टिकटिक अशा आवाजाने परस्परांची गती जुळवून घेतात, असे त्यांना आढळले.

शेवटच्या तीन दिवसांतील दक्षता

या काळात यंत्राचे झाकण उघडण्याचे टाळतात. झाकण उघडताच ओलसर हवा निसटते, आणि ज्या अंड्यांना तडा गेला आहे त्यांतील पडदा सुकून चामड्यासारखा घट्ट होतो. असे पिल्लू पडद्यात आवळले जाते व त्याला फिरता येत नाही. आधी निघालेली पिल्ले बाहेर काढण्याची घाई करण्याचेही कारण नसते, कारण पोटातील बलकावर ती यंत्रात २४ तास सहज राहू शकतात. यंत्राच्या तळाशी खरखरीत कापड किंवा जाळी ठेवतात. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात व कायमचे अधू होण्याचा धोका असतो. पिल्लू जिवंत आहे का हे पाहण्यासाठी अंडे कोमट पाण्यात सोडून बघण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. तडा गेलेल्या अंड्याबाबत ती घातक ठरते, कारण पाणी आत शिरून पिल्लू बुडते.

वीज गेल्यास झाकण बंद ठेवून लहान यंत्रावर जाड कापड टाकतात, मात्र हवेची छिद्रे मोकळी ठेवतात. मोठ्या यंत्रात वाढलेले गर्भ स्वतःच बरीच उष्णता निर्माण करतात. तेथे पंखा बंद पडल्यावर गारठ्यापेक्षा अतिउष्णतेची भीती अधिक असते.

मदत केव्हा व कशी करावी

पहिला तडा गेल्यापासून २४ तासांपर्यंत वाट पाहणे हा सर्वसाधारण नियम आहे. या काळात कवच सोलल्यास पडद्यातील रक्तवाहिन्या फाटून रक्तस्राव होतो किंवा बलक पोटाबाहेर राहतो. दोन्ही स्थितींत पिल्लू बहुधा दगावते. मदतीचा विचार पुढील परिस्थितीत केला जातो: २४ तास उलटूनही तडा पुढे सरकलेला नाही, कवच कापण्यास सुरुवात होऊन काही तास काम थांबले आहे, पडदा पिवळट, तपकिरी व कोरडा दिसतो आहे, किंवा पिल्लाने निमुळत्या टोकाकडे कवच फोडले आहे. निमुळत्या टोकाकडे वायुकोश नसल्याने अशा पिल्लाला श्वासासाठी चोचीजवळचे भोक मोकळे राहणे आवश्यक असते.

मदत करताना हात स्वच्छ धुऊन, उबदार व दमट जागेत काम करतात. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने पडदा ओलसर करतात, पण नाकपुड्यांत पाणी जाऊ देत नाहीत. मग वायुकोशाच्या बाजूने चिमट्याने कवचाचे बारीक तुकडे काढतात. पडद्यात लाल रक्तवाहिनी दिसल्यास किंवा रक्ताचा थेंब आल्यास तत्काळ थांबून अंडे यंत्रात परत ठेवतात व काही तासांनी पुन्हा पाहतात. पडदा पांढरट व रक्तहीन झाला असेल तरच पुढे जातात. टोपणाएवढा भाग मोकळा झाला की उरलेल्या कवचातून पिल्लाला स्वतः बाहेर येऊ देतात. पिल्लू ओढून काढणे किंवा बेंबीला चिकटलेला धागा तोडणे वर्ज्य मानले जाते.

अशी मदत करावी की नाही याविषयी पाळणाऱ्यांत मतभेद आहेत. स्वबळावर न निघणारी पिल्ले दुबळी असतात व त्यांच्यापासून पुढे पैदास केल्यास तो दोष कळपात टिकतो, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते, पडदा सुकण्यासारखा दोष यंत्र हाताळणाऱ्याचा असतो. तो आनुवंशिक नसल्याने पिल्लाला वाचवण्यास हरकत नाही. मोठ्या उबवणी केंद्रांत एकेका पिल्लाला मदत करणे व्यवहार्य नसते. तेथे न फुटलेली अंडी फोडून गर्भ कोणत्या दिवशी मेला ते पाहतात व त्यावरून पुढील खेपेत सुधारणा करतात. पहिल्या आठवड्यातील मृत्यू बहुधा साठवणीतील किंवा तापमानातील चुकांकडे बोट दाखवतात, तर शेवटच्या दिवसांतील मृत्यू आर्द्रता, अपुरी हवा, अपुरे फिरवणे किंवा गर्भाची चुकीची स्थिती यांकडे.

जन्मानंतरची काळजी

पिल्लांचे अंग सुकून लव फुलली की त्यांना ऊब देण्याच्या जागी हलवतात. पहिल्या आठवड्यात तेथे ३३ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवतात व पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करतात. पिल्ले दिव्याखाली दाटीवाटीने जमल्यास त्यांना थंडी वाजत आहे, तर दिव्यापासून दूर पांगून धापा टाकत असल्यास उष्णता जास्त झाली आहे असे समजतात. प्रथम स्वच्छ पाणी व नंतर बारीक खाद्य देतात. भांड्यात बुडू नयेत म्हणून पाणी उथळ ठेवतात. बेंबीला जंतुसंसर्ग झाल्यास पहिल्या आठवड्यात मरतूक वाढते. म्हणून प्रत्येक खेपेनंतर यंत्र धुऊन निर्जंतुक करणे आवश्यक असते. व्यावसायिक केंद्रांत मरेक रोगाची लस पिल्लांना पहिल्याच दिवशी टोचतात. पिल्लांना हाताळल्यानंतर माणसांनीही हात साबणाने धुवावेत, कारण निरोगी दिसणाऱ्या पिल्लांच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात.

इतर पक्ष्यांचा उबवणीकाळ

जपानी लाव्याची अंडी १७ ते १८ दिवसांत, गिनी कोंबडीची २६ ते २८ दिवसांत, टर्की व सामान्य बदकाची सुमारे २८ दिवसांत आणि मस्कोव्ही बदकाची सुमारे ३५ दिवसांत फुटतात. फिरवणे थांबवण्याचा व आर्द्रता वाढवण्याचा दिवस त्या प्रमाणात पुढेमागे होतो. अखेरचे सुमारे तीन दिवस अंडी न हलवता, झाकण बंद ठेवून वाट पाहण्याचा नियम मात्र या सर्वांना सारखाच लागू पडतो.