मऊ जमीन, उभी गाडी आणि काही रूढ समज

सुरत शहराच्या पूर्व अंगास, कडोदऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत पर्वत पाटियाचा जो गजबजलेला परिसर पसरला आहे, तेथे पावसाळ्याच्या दिवसांत एखाद्या सोसायटीच्या कुंपणाजवळ किंवा दुकानापुढच्या कच्च्या पट्टीवर डाव्या अंगावर आडवी झालेली मोटारसायकल दृष्टीस पडली नाही, असा आठवडा विरळाच. या अपघाताचा आळ बहुधा वाऱ्यावर, मोकाट जनावरांवर किंवा गल्लीतल्या मुलांवर येतो. आणि खरा अपराधी, म्हणजे स्टँडखालची दोन बोटे माती, निर्दोष सुटतो. गाडी उभी करणे ही क्रिया इतकी नित्याची झाली आहे की तिच्याविषयी काही शिकण्यासारखे उरले असेल, ही शंकाच कोणाला येत नाही. म्हणूनच तिच्याभोवती गैरसमज निर्वेधपणे वाढले आहेत.

त्यांतील सर्वांत बळकट समज असा की, जड गाडी रुतते आणि हलकी गाडी रुतत नाही. वस्तुस्थिती अशी आहे की, जमिनीला वजन कळत नाही, तिला दाब कळतो. आणि दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ, हे आपण शाळेतच शिकून विसरलेलो असतो. नेहमीच्या वापरातली शंभर सीसीची गाडी सुमारे 112 किलो भरते. साईड स्टँडवर झुकलेल्या अवस्थेत तिचा पाव हिस्सा, म्हणजे 28 किलो, स्टँडवर येतो असे धरा, आणि स्टँडचा तळवा अवघा 10 चौरस सेंटिमीटर आहे असे माना. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर 2.8 किलोचा दाब पडला. आता सुमारे 195 किलो वजनाची साडेतीनशे सीसीची धिप्पाड गाडी घ्या. तिचा पाव हिस्सा 49 किलो होतो. परंतु तिच्या स्टँडचा तळवा 25 चौरस सेंटिमीटरचा असेल, तर दाब 2 किलोच्याही आतच राहतो. तेव्हा हलक्या गाडीचा मालक निर्धास्त आणि जड गाडीचा मालक चिंताग्रस्त, ही वाटणी उलटी होण्याचा संभव पुष्कळ आहे.

मग टायर का रुतत नाहीत, असे कोणी विचारील. टायर जमिनीवर साधारणतः आतील हवेच्या दाबाइतकाच दाब देतो, आणि तो किंचित खाली गेला की त्याचे टेकण्याचे क्षेत्र वाढते. तो स्वतःच स्वतःला आवरतो. स्टँडच्या चिंचोळ्या तळव्यास ही मुभा नाही. उलट तो जसजसा खाली जातो तसतशी गाडी अधिक झुकते, गुरुत्वमध्य बाहेर सरकतो आणि स्टँडवरचा भार आणखी वाढतो. म्हणूनच सकाळी उभी केलेली गाडी दुपारपर्यंत जेमतेम तसूभर कलल्यासारखी दिसते, आणि नंतर कोणी न शिवता एकाएकी कोसळते. रांगेत लावलेल्या गाड्या सगळ्याच डावीकडे झुकलेल्या असल्यामुळे, एक पडली की शेजारणीवर आणि शेजारीण तिच्या शेजारणीवर, अशी ही आपत्ती वारसाहक्काने पुढे चालते.

‘पायाने दाबून पाहिले, जमीन घट्ट होती,’ हा बचाव आपण सर्वांनीच ऐकलेला आहे. तो प्रामाणिक असतो, पण निरुपयोगी असतो. साठ किलोचा माणूस दोन्ही चपला टेकून उभा राहिला तर तीनशे-चारशे चौरस सेंटिमीटरवर त्याचा भार विभागला जातो. म्हणजे दाब एक पंचमांश किलोच्या आसपास, स्टँडच्या दाबाच्या तुलनेत अगदीच नगण्य. परीक्षा करायचीच तर सगळा भार एका टाचेवर देऊन करावी. टाचेचा खळगा उमटला, तर स्टँड निश्चित जाणार.

आता मातीची हकीकत पाहू, कारण पर्वत पाटियाच्या बाबतीत तोच मुद्दा निर्णायक आहे. मध्य प्रदेशात मुलताईपाशी उगम पावून, खानदेशातून वाहत सुरतेस येणाऱ्या तापीने युगानुयुगे दख्खनच्या काळ्या कातळाची माती खाली आणून टाकली आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी येऊन लिंबायत, गोडादरा, डिंडोली या वस्त्यांत स्थिरावलेली मराठी कुटुंबे या चिकण मातीला गावाकडून ओळखतात. तिच्यात औत कधी घालावे आणि कधी घालू नये, हे त्यांच्या वाडवडिलांना बिनचूक कळत असे. तीच माती शहरात अंगणापुढे आली की ही ओळख मात्र विसरली जाते. काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी शोषून फुगते, वाळल्यावर आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसात तिचा लगदा होतो. पाऊस थांबून दोन प्रहर ऊन पडले की जमीन पूर्ववत झाली, हा दुसरा मोठा गैरसमज येथेच उगम पावतो. ऊन वरचा पापुद्रा वाळवते. चिकण मातीतून पाणी इतके संथ झिरपते की त्या पापुद्र्याखाली ओल कित्येक दिवस कायम असते. या भागातल्या मिठी खाडीचे पाणी चढून ज्या गल्ल्यांत शिरते, तेथे पाणी ओसरल्यावर जो गुळगुळीत गाळ उरतो तो दिसण्यात फरशीसारखा सपाट आणि वागण्यात सर्वस्वी बेभरवशाचा असतो.

वाळूचा न्याय मात्र नेमका उलटा आहे. सुरतकर रविवारी डुमसच्या काळ्या वाळूवर जातात. तेथे कोरडी, भुसभुशीत वाळू स्टँड गिळते, आणि भरतीरेषेजवळची ओलसर वाळू तो तोलून धरते. त्या ओलसर पट्टीवर गाडी लावून भजी खायला जाणाऱ्याने भरतीची वेळ विचारून घ्यावी, एवढे मात्र सांगितलेच पाहिजे.

बुजवलेला चर हा आणखी एक चकवा. जलवाहिन्या, गटारे, केबली आणि अलीकडे भेसाण ते सारोली या मेट्रोमार्गाचे काम यांमुळे या भागात खोदकाम नवे नाही. चरावर माती लोटून वरून खडी पसरली की जमीन पक्की भासते. पण थराथराने धुमसून न बसवलेली माती पहिल्या दमदार पावसात खचते. रस्त्याच्या कडेला रंगाने वेगळा, लांबट पट्टा दिसला तर तेथे गाडी लावू नये. डांबरी रस्ताही नेहमीच विश्वासार्ह असतो असे नाही: मे महिन्याच्या उन्हात डांबर मऊ पडते आणि स्टँडची खूण त्यात कायमची राहते.

डबल स्टँड लावला की काळजी मिटली, असे मानणारे पुष्कळ आहेत. पक्क्या, समतल जागी त्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु डबल स्टँडवर चढवलेल्या गाडीचे मागचे चाक उचललेले असते आणि निम्म्याहून अधिक भार दोन पायांवर येतो. मऊ जमिनीत हे दोन पाय सारख्याच प्रमाणात रुततील याची हमी कोण देणार? एक पाय दोन-तीन सेंटिमीटर अधिक गेला की गाडीचा तोल त्या बाजूला ढळतो, आणि ती उजवीकडेही पडू शकते, जिकडे कोणाचे लक्ष नसते. मऊ जागी डबल स्टँड लावायचाच असेल, तर दोन्ही पायांखाली मिळून एकच फळी हवी.

साईड स्टँडखाली काय ठेवावे, याविषयीही अंदाधुंदी आहे. कापडबाजारात सहज मिळणारा पुठ्ठा भिजला की संपला. कौलाचा किंवा विटेचा तुकडा फुटतो. गोल दगड निसटतो. कोटा फरशीचा जाड तुकडा, लाकडी फळी किंवा 10 सेंटिमीटर चौरस लोखंडी पत्रा हे उत्तम. मघाचेच 28 किलो शंभर चौरस सेंटिमीटरवर पसरले की दाब दशांशावर येतो. ओली माती एवढा दाब बहुधा सोसते.

उरल्या किरकोळ गोष्टी. उतारावर गाडीचे तोंड चढाच्या दिशेने ठेवावे, कारण गाडी पुढे सरकली की साईड स्टँड मिटतो. गाडी न्यूट्रलमध्ये न सोडता पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि हँडल डावीकडे वळवून कुलूप लावावे. हा केवळ सल्ला नाही. चालक जागेवर नसताना वाहन चुकून हलणार नाही अशी तजवीज करण्याचे दायित्व मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या कलम 126 ने चालकावर टाकले आहे, आणि सार्वजनिक जागी धोका किंवा अडथळा होईल अशा स्थितीत वाहन ठेवण्यास कलम 122 ने मनाई आहे. राहिला स्टँडखालचा पत्रा. त्याच्या एका कोपऱ्याला भोक पाडून त्यात पुरेशी लांब सुतळी ओवावी, तिचे दुसरे टोक हँडलला बांधावे. म्हणजे निघताना पत्रा चिखलातच विसरून राहत नाही. मात्र गाडी सुरू करण्यापूर्वी सुतळी सोडून पत्रा डिकीत टाकावा, नाहीतर ती चाकात गुंतेल.