आजोबा-नातवंडांचा एकच पडदा

‘इंडियाना जोन्स’ मालेंतील पहिल्या तीन बोलपटांवरून लेगोच्या बाहुल्यांचा एक व्हिडिओ-खेळ २००८ सालीं निघाला. पात्रें बोलत नाहींत. सारा कारभार हावभावांचा. दोघांनीं मिळून खेळावें, तर पडदा एकच. जोडीदारास मागें टाकून पुढें पळतां येत नाहीं. बाहुलें मोडलें तरी थोडें द्रव्य सांडतें व तें पुन्हां उभें राहतें. आजोबांच्या संथ बोटांचीही येथें सोय आहे!

वडील मंडळींस एक सूचना मात्र करावीशी वाटते. दुसरी कथा भारतांत घडते. त्या १९८४ च्या बोलपटांत माकडाच्या मेंदूची मेजवानी आहे, नरबळी देणारे कालीभक्त आहेत! आपल्या सरकारनें पटकथेंत बदल मागितले, तेव्हां निर्मात्यांनीं बाहेरचें चित्रण श्रीलंकेंत उरकलें. अमरीश पुरींनीं रंगविलेला मोलाराम खेळांतही भेटतो. तो दिसतांच नातवंडें प्रश्न विचारतील. त्या वेळीं कोणी जाणतें माणूस शेजारीं असावें.