चित्रपुस्तके आणि दुर्लक्षित मूल : सहवाचनाचे स्वरूप व महत्त्व

प्रस्तावना

आपल्याकडे बालसाहित्याची चर्चा प्रामुख्याने दोन अंगांनी होते. एक अंग संस्कारांचे, तर दुसरे भाषाविकासाचे. पुस्तकातून मुलाला काय शिकवावे, हाच ह्या दोन्ही चर्चांचा मध्यवर्ती प्रश्न असतो. तिसरा एक प्रश्न मात्र सहसा मागे पडतो. पुस्तक वाचून दाखवणाऱ्या आई-वडिलांच्या लेखी आपली काय किंमत आहे, हे मुलाला त्या वाचनातून कसे उमगते? ज्या मुलाकडे घरात पुरेसे लक्ष जात नाही, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न गौण नाही. तोच मुख्य आहे.

प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार चित्रपुस्तकाच्या संदर्भात केला आहे. त्यासाठी इंग्रजीतील तीन सुप्रसिद्ध चित्रपुस्तके, सहवाचनाविषयीचे काही अभ्यास आणि महाराष्ट्रातील परिस्थिती ह्यांचा आधार घेतला आहे. चित्रपुस्तक मुलाला केवळ उपदेशाने आश्वस्त करत नाही. त्याची घडणच अशी असते की, ते नीट वाचायचे झाल्यास पालकाला मुलाकडे लक्ष द्यावेच लागते, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

‘दुर्लक्षित मूल’ : संकल्पना

दुर्लक्षित मूल म्हटले की उपासमार, मारहाण किंवा अनाथपण डोळ्यांसमोर येते. ते प्रश्न गंभीर आहेतच. परंतु येथे अभिप्रेत असलेले मूल पुष्कळदा खाऊन-पिऊन सुखी घरातले असते. त्याला कपडे, खेळणी, शाळा सर्व काही मिळते. मिळत नाही ते फक्त लक्ष. त्याचे बोलणे ‘नंतर सांग’ ह्या दोन शब्दांवर संपते. दुर्लक्षाचा हा प्रकार कोणाच्या नजरेत भरत नाही, कारण करणाऱ्यालाही आपण तो करत आहोत ह्याची जाणीव नसते.

त्याची कारणे विविध असतात. धाकट्या भावंडाचा जन्म हे त्यातील एक. जूडी डन आणि कॅरल केंड्रिक ह्यांनी इंग्लंडमधील केंब्रिज येथील ४० कुटुंबांचा अभ्यास करून १९८२ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. दुसरे मूल आल्यावर पहिल्या मुलाशी आईचे खेळणे-बोलणे कमी होते, असे त्यांना आढळले. मोबाईल हे अलीकडचे कारण. जेनी रॅडेस्की आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील निरीक्षणात, उपाहारगृहात मुलांसह जेवायला आलेल्या ५५ मोठ्या माणसांपैकी ४० जणांनी त्या वेळात असे उपकरण वापरले होते.

आपल्या समाजात ह्याहून जुने एक कारण आहे, ते म्हणजे मुलगी असणे. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात ‘नकुसा’ हे नाव धारण करणाऱ्या २८५ मुलींचे शासकीय पुढाकाराने पुन्हा नामकरण झाले. स्वतःच्या नावातूनच आपले नकोसेपण रोज ऐकणाऱ्या ह्या मुली म्हणजे दुर्लक्षाचे टोकाचे उदाहरण होय. नाव बदलणे ही आवश्यक पहिली पायरी होती. परंतु ‘मी हवी आहे’ ही जाणीव कागदावरील नावाने येत नाही. ती रोजच्या वागण्यातूनच यावी लागते.

मुलाला हे लक्ष किती निकडीचे असते, हे एडवर्ड ट्रॉनिक ह्यांनी १९७० च्या दशकात केलेल्या प्रयोगातून स्पष्ट झाले. बाळाशी हसत-खेळत असलेल्या आईने काही क्षण चेहरा निर्विकार ठेवताच बाळ प्रथम तिचे लक्ष वेधण्याचा परोपरीने प्रयत्न करते आणि प्रतिसाद मिळाला नाही की हळूहळू तोंड फिरवते. प्रतिसाद न देणारे मोठे माणूस समोर असूनही मुलाच्या लेखी नसल्यासारखेच असते.

चित्रपुस्तकाची घडण

सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक ह्यांत भेद करणे आवश्यक आहे. सचित्र पुस्तकातील चित्रे काढून टाकली तरी गोष्ट उरते. चित्रपुस्तकात मात्र अर्धी गोष्ट शब्दांत आणि अर्धी चित्रांत असते. किंबहुना, शब्द एक सांगतात आणि चित्र दुसरेच दाखवते. ह्यामुळे वाचनाच्या वेळी एक वेगळीच गोष्ट घडते. मोठ्या माणसाची नजर अक्षरांवर असते, तर अक्षरओळख नसलेल्या मुलाची नजर चित्रावर असते. परिणामी, मोठ्यांच्या नजरेतून सुटलेले बारकावे मूल टिपते आणि त्यांना दाखवते. घरातील इतर सर्व व्यवहारांत मोठ्यांना अधिक कळते, असे गृहीत असते. येथे मात्र मुलाला अधिक दिसते. ज्याचे बोलणे एरवी कोणी मनावर घेत नाही, त्याच्या बोटाच्या मागे आई-वडिलांची नजर जाते. मुलाला आपली किंमत उमगण्याची सुरुवात येथे होते.

तीन पुस्तके

१) पीटर्स चेअर (१९६७) : एझरा जॅक कीट्स ह्या अमेरिकन चित्रकार-लेखकाचे हे पुस्तक. पीटरचा पाळणा, त्याची उंच खुर्ची, सारे काही नव्या बहिणीसाठी गुलाबी रंगाने रंगवले जाते. रंगवायची राहिलेली आपली छोटी निळी खुर्ची घेऊन तो कुत्र्यासह घराबाहेर ‘पळून’ जातो. म्हणजे दाराबाहेर जाऊन बसतो. पण आता आपण त्या खुर्चीत मावत नाही, हे त्याला तेथेच कळते. शेवटी तो आणि वडील मिळून ती खुर्ची रंगवतात. येथे पीटरला कोणीही ‘तू आता मोठा झालास, समजून घे’ असे बजावत नाही. आई त्याला जेवायला बोलावते आणि वडील कामात सोबत घेतात. धाकटीला वस्तू मिळतात. थोरल्याला स्थान मिळते.

२) नॉट नाऊ, बर्नार्ड (१९८०) : डेव्हिड मकी ह्यांच्या ह्या पुस्तकातील बर्नार्ड आई-वडिलांशी बोलू पाहतो. दोघेही कामात गढलेले असतात आणि आता नको, एवढेच उत्तर मिळते. बागेतला राक्षस बर्नार्डला खाऊन टाकतो आणि त्याच्याऐवजी घरात येतो. आई त्या राक्षसाला जेवण वाढते, झोपायला पाठवते; पण एकदाही वर पाहत नाही. पुस्तकाला सुखान्त नाही. मूल ते ऐकताना खळखळून हसते, कारण आई-वडिलांना जे दिसत नाही ते त्याला दिसत असते. वाचून दाखवणाऱ्याला मात्र त्या हसण्यात स्वतःचे प्रतिबिंब दिसल्यावाचून राहत नाही. एकच पुस्तक एकाच वेळी दोन वाचकांना दोन वेगळ्या गोष्टी सांगते, हे चित्रपुस्तकाचे सामर्थ्य येथे स्पष्ट होते.

३) गोरिला (१९८३) : अँथनी ब्राउन ह्यांच्या पुस्तकातील हॅनाला गोरिलाचे वेड आहे, तिच्या वडिलांना मात्र वेळ नाही. सकाळी ते वर्तमानपत्रामागे असतात, घरी आल्यावर टेबलाशी कामात. ब्राउन हा एकाकीपणा शब्दांत फारसा सांगत नाहीत. थंड निळसर स्वयंपाकघर आणि टेबलाच्या दोन टोकांना बसलेली ती दोघे एवढेच ते दाखवतात. वाढदिवसाच्या आदल्या रात्री हॅनाचा खेळण्यातला गोरिला मोठा होतो, वडिलांचाच कोट-टोपी घालून तिला प्राणिसंग्रहालयात नेतो. सकाळी वडील आपणहून तिला तेथे नेण्याचा विषय काढतात. शेवटच्या चित्रांत वडिलांच्या मागच्या खिशात एक केळे दिसते. शब्दांत त्याचा उल्लेख नाही. ते केळे बहुधा मूलच शोधून काढते आणि रात्रीचा गोरिला कोण होता, ह्याविषयीचा आपला तर्क पालकाला सांगू लागते. त्या क्षणी सांगणारे मूल आणि ऐकणारा पालक अशी भूमिकांची अदलाबदल झालेली असते.

सहवाचनाची प्रक्रिया

ही अदलाबदल योगायोगावर सोडावी लागत नाही. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये संवादी वाचनाचा प्रयोग प्रसिद्ध केला. पालकांनी केवळ वाचून न दाखवता खुले प्रश्न विचारावेत, मुलाच्या उत्तरात भर घालावी आणि हळूहळू गोष्ट सांगण्याचे काम मुलाकडे सोपवावे, असे त्याचे स्वरूप होते. महिनाभराच्या अशा वाचनाने मुलांच्या बोलण्यात लक्षणीय प्रगती दिसली. हा प्रयोग भाषाविकासाचा म्हणून उद्धृत केला जातो. परंतु त्यात पालकाने जे केले, ते म्हणजे मुलाचे म्हणणे पूर्ण होईपर्यंत थांबणे आणि त्याला धरून पुढे बोलणे. दुर्लक्षित मुलाला नेमके हेच मिळालेले नसते.

ह्या विवेचनावरून सहवाचनाच्या संदर्भात पुढील सूचना करता येतील :

१) पान उलटण्याचा अधिकार मुलाकडे असावा. मोठ्याने पान उलटले की वाचनाची गती मोठ्याच्या सवडीची होते.

२) तेच पुस्तक पुन्हा मागितल्यास नकार देऊ नये. पुढे काय होणार हे मुलाला ठाऊक असते. आई-वडील पुन्हा शेजारी बसतात की नाही, ह्याची खात्री त्याला हवी असते.

३) एकाहून अधिक मुले असतील तेथे थोरल्यासाठी स्वतंत्र वेळ ठेवावा, मग तो दहा मिनिटांचा का असेना.

४) गोष्टीचा दाखला देऊन मुलाला टोकू नये. ‘पाहा, पीटरने खुर्ची दिली की नाही?’ असे म्हणताच पुस्तक पालकाच्या बाजूचे होते आणि मूल पुन्हा एकटे पडते.

महाराष्ट्रातील संदर्भ

मराठीत चित्रपुस्तकांची संख्या तुलनेने कमी असली, तरी मुलाकडे आदराने पाहणारे लेखन आपल्याकडे निश्चितपणे झाले आहे. माधुरी पुरंदरे ह्यांचे ‘राधाचं घर’ घरातील माणसांकडे राधाच्या नजरेतून पाहते. मोठी माणसे कशी आहेत, हे येथे मूल ठरवते. पुरंदरे ह्यांना २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. रूडीन सिम्स बिशप ह्यांनी १९९० मध्ये पुस्तकाला आरशाची उपमा दिली. आपल्या घरासारखे घर आणि आपल्या बोलीसारखी बोली पुस्तकात दिसली, की आपणही सांगण्याजोगे आहोत, हे मुलाला कळते.

ज्या घरी आई-वडिलांना अक्षरओळख नाही, तेथे काय, असा आक्षेप येऊ शकतो. चित्रपुस्तकाची उपयुक्तता येथे उलट वाढते, कारण चित्रवाचनाला अक्षरांची अट नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेत एकेक चित्र समोर धरून कथा सांगितली जाते. श्रोत्याला लिपी येते की नाही, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. निरक्षर आजी आणि चार वर्षांची नात ह्या दोघी चित्रपुस्तकापुढे समान पातळीवर असतात. अंगणवाडीतून पुस्तक घरी नेण्याची सोय झाल्यास हे सहज साध्य होण्यासारखे आहे.

मर्यादा

चित्रपुस्तक हा रामबाण उपाय नाही. आद्रियाना बुस आणि मारिनुस व्हान आयझेंडोर्न ह्या डच अभ्यासकांनी १९८८ पासून केलेल्या संशोधनात असे दिसते की, आई व मुलाचे नाते सुरक्षित असेल तेथे वाचन शांतपणे चालते. नाते ताणलेले असेल तेथे मूल चुळबुळ करते आणि आई शिस्त लावण्यात गुंतते. म्हणजे ज्या मुलाला सहवाचनाची सर्वाधिक गरज आहे, त्याच्याबरोबर ते सर्वांत अवघड ठरते. अशा वेळी पुस्तक पूर्ण करण्याचा आग्रह सोडून एका चित्रावर थांबणे इष्ट होय. तसेच, दारिद्र्य, दीर्घ कामाचे तास आणि मुलगी नको ही मनोवृत्ती ह्यांवर सामाजिक उपायच करावे लागतील. पुस्तक त्यांची जागा घेऊ शकत नाही.

समारोप

मुलाला आपले मोल शब्दांतून कमी आणि वेळेतून अधिक कळते. चित्रपुस्तक हा वेळ मागून घेते. पालकाला मुलाच्या शेजारी बसवते, दोघांची नजर एका पानावर आणते आणि मुलाला काही काळ जाणकाराची जागा देते. म्हणून शिक्षणशास्त्र, गृहविज्ञान आणि भाषा ह्या विभागांनी चित्रपुस्तकांना अभ्यासविषय म्हणून स्थान देणे आणि महाविद्यालयीन ग्रंथालयांनी निवडक चित्रपुस्तके ठेवणे अगत्याचे वाटते.

ह्यात प्राध्यापकवर्गाचा स्वतःचाही प्रश्न गुंतलेला आहे. परीक्षेच्या हंगामात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर असतो आणि दाराशी कोणीतरी पुस्तक घेऊन उभे असते. हॅनाचे वडीलही टेबलाशीच बसलेले होते. गठ्ठा दहा मिनिटे थांबू शकतो. दाराशी उभे असलेले मूल मात्र काही वर्षांनी पुस्तक घेऊन यायचे थांबते.