सोनतळीचा वर्ग

कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की गाडी हमखास १९१७ सालावर येते. त्या वर्षी शाहू महाराजांनी संस्थानात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, वर्षाला एक लाख रुपयांची तरतूद केली आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. हा इतिहास मोठाच आहे. पण लगेच पुढच्या वर्षी शहराबाहेर, सोनतळीच्या कॅम्पवर, जी चिमुकली खासगी शाळा सुरू झाली तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. करवीरातल्या मुलींच्या शिक्षणाची खरी परीक्षा तिथे झाली असे मला वाटते, कारण ती महाराजांच्या स्वतःच्या घरात झाली.

सासवडच्या जगतापांची मुलगी जून १९१७ मध्ये महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी यांच्याशी लग्न होऊन कोल्हापूरला आली आणि इंदुमती झाली. तेव्हा ती दहा वर्षांची होती. वर्ष सरते न सरते तोच, १२ जून १९१८ रोजी, रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून प्रिन्स शिवाजी गेले. अकराव्या वर्षी वैधव्य! मोठ्या मराठा घराण्यात याचा अर्थ काय होता हे जुन्या माणसांना सांगायला नको. गोषा, एक खोली, जपाची माळ आणि दुसऱ्यांच्या लेकरांची उस्तवारी. त्यात काही वावगे आहे असे त्या काळी कोणाला वाटलेही नसते.

महाराजांनी सुनेला राजवाड्यातून हलवून सोनतळीला आणले आणि तिच्या शिक्षणाची सोय लावली. घरातून विरोध झाला. तो स्वाभाविक होता. मुलगा गेल्याचे दुःख ताजे होते आणि सुनेच्या हाती पाटी-पुस्तक हा त्या दुःखाचा अपमान वाटत होता. महाराज मागे हटले नाहीत. शिकवायला शिक्षक ठेवले. अभ्यासाखेरीज घोड्यावर बसणे, मोटार चालवणे, बंदूक धरणे हेही शिकवले. मुलगा घोड्यावरून पडून गेला, आणि सुनेलाही घोड्यावरच बसवायचे. त्या बापाच्या काळजाचा विचार मनात आला की मी आजही थांबतो.

पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. महाराजांनी इंदुमतीला एकटीला शिकवले नाही. तिच्याबरोबर वेगवेगळ्या जातींतल्या मुली सहाध्यायी म्हणून बसवल्या. एकटीला शिकवली तर ती शिकवणी; चार जणी शेजारी बसल्या की वर्ग होतो. उत्तर चुकले तर दुसरी सांगते, एक पुढे गेली तर दुसरीला ईर्ष्या वाटते, आणि राजाची सून व साध्या घरातली पोर यांचे पुस्तक एकच असते. जातवार वसतिगृहे काढून बहुजनांच्या मुलांना शहरात ठाव देणाऱ्या राजाने घरातल्या शाळेत मात्र जाती एकत्र बसवल्या, हे विसरता कामा नये.

हे एकाएकी उगवले नाही. कोल्हापूरच्या जमिनीत त्याआधी साठ-सत्तर वर्षे नांगरट झाली होती. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये इथे आले आणि मिशनने शाळा काढल्या. त्या मिशनच्या एस्तेर पॅटन बाईंचे नाव शहरातल्या शाळेला आजही आहे. संस्थानच्याही मुलींच्या शाळा होत्या. अडत होते ते एकाच गोष्टीपाशी. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की घरचे विचारत, शिकवायला बाई आहे का? पुरुष मास्तर असला की मुलगी घरी. आणि बाई आणायची कुठून, जर मुलगी शिकूच दिली नाही तर? या कोड्यातून वाट काढायला फिमेल ट्रेनिंग स्कूल निघाले. अशा संस्थांत येणाऱ्या स्त्रिया बहुधा दोन प्रकारच्या असत, मास्तरांच्या बायका आणि विधवा. ज्यांना समाजाने अपशकुनी ठरवले त्यांनीच पुढे मुलींना अक्षरे गिरवायला शिकवली.

कोल्हापूरच्या ट्रेनिंग स्कूलची सूत्रे मिस लिटल या युरोपियन बाईंकडे होती. गादीवर येऊन महाराजांना जेमतेम वर्ष झाले होते, तेव्हा १८९५ मध्ये त्यांनी तिथे रखमाबाई केळवकरांना नेमले. गोऱ्या मडमेच्या खुर्चीवर मराठी बाई! रखमाबाईंची मुलगी कृष्णाबाई पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकली, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली आणि १९०२ मध्ये कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात रुजू झाली. आई शाळेत, लेक दवाखान्यात. सुनेला डॉक्टर करावे हे महाराजांच्या मनात होते, ते हवेत आलेले नव्हते; डॉक्टर झालेली बाई त्यांच्या गावात डोळ्यांसमोर काम करत होती.

मुलींच्या शिक्षणाचा हा प्रश्न कोल्हापूरबाहेरही होता. पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, १८८४ मध्येच सुरू झाले होते. त्यामागे न्यायमूर्ती रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक अशी मंडळी होती. याच रानड्यांनी १८६८ मध्ये काही काळ कोल्हापूरला न्यायाधीशी केली होती. हुजूरपागेवर लोकमान्यांसारख्या माणसाने टीका केली, आणि एक आक्षेप शाळेच्या वेळेबद्दल होता. मुलगी दिवसभर शाळेत बसली तर घरकाम कधी शिकणार? आज हा वाद जुनाट वाटतो. पण मुलीचा दिवस कोणाच्या मालकीचा, हा त्यातला प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही.

६ मे १९२२ रोजी महाराज गेले. सोनतळीचा आधारच गेला. वैद्यकीय शिक्षणाचा बेत मागे पडला. तरीही इंदुमतीदेवी १९२५ मध्ये मॅट्रिक झाल्या. पुढे त्यांनी कोल्हापुरात स्त्रियांसाठी ललितविहारसारख्या संस्था उभ्या केल्या. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. स्वतः डॉक्टर होता आले नाही, म्हणून कडवट होऊन बसणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही.

सोनतळीत एका राजाच्या इच्छेवर जे चालले, ते सामान्य घरांसाठी संस्था म्हणून उभे करायला आणखी बराच काळ जावा लागला. १९४५ मध्ये डॉ. व्ही. टी. पाटील यांनी ताराराणी विद्यापीठ स्थापन केले. करवीरची गादी उभी करणाऱ्या राणीचे नाव मुलींच्या संस्थेला देणे अगदी योग्य होते. उषाराजे हायस्कूल याच संस्थेचे. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ आले आणि दोनच वर्षांत, १९६४ मध्ये, संस्थेने राजारामपुरीत मुलींसाठी कमला कॉलेज काढले. याच पाटलांनी जे. पी. नाईकांबरोबर गारगोटीला मौनी विद्यापीठ उभारले. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. त्यांच्या पत्नी चित्रा नाईकांनीही गारगोटीत काम केले. मुलगी शहरात येऊ शकत नसेल तर शाळेनेच तिच्या तालुक्यात जावे, हा विचार तिथे प्रत्यक्षात आला.

कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून एकेका समाजाची बोर्डिंगे निघाली, पण ती बहुतेक मुलांसाठी. मुलीला राहायला जागा नसेल तर हायस्कूल कितीही चांगले असले तरी राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याच्या मुलीला त्याचा उपयोग नाही. आता अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या खेड्यातल्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. हा पास म्हणजे आजचे बोर्डिंगच आहे. पण शेवटची गाडी चुकली की घरचे दुसऱ्या दिवशी पाठवायला कचरतात, आणि अशा दोन-तीन चुका झाल्या की शाळा सुटते. कोल्हापुरातल्या मुलींच्या शाळांनी जादा तास आणि प्रॅक्टिकल ठरवताना डेपोचे वेळापत्रक शेजारी ठेवावे, आणि गाडीची वेळ बदलायची असेल तर मुख्याध्यापिकांनी आगारप्रमुखांना भेटून ती बदलून घ्यावी. जून उजाडायच्या आत हे काम उरकायला हवे.