पावसात टिकणारा टार्प घरी कसा शिवायचा

(मिठबाव येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी शिलाई मशीन असेल. त्यावर ब्लाउज होतात, उशीचे अभ्रे होतात. त्याच मशीनवर ट्रेकला न्यायचं छप्परसुद्धा होतं, हे आज सांगायचंय. छप्पर म्हणजे अख्खा तंबू नव्हे. एक चौकोनी कापड आणि कोपऱ्यांना दोऱ्या, बस. ट्रेकर मंडळी त्याला टार्प म्हणतात.

आमचा पहिला टार्प आम्ही हौसेने शिवला आणि इथल्याच सड्यावर रात्र काढायला नेला. मध्यरात्रीनंतर वारा फिरला, सर आली आणि एक कोपरा सुटला. दोरी शाबूत, गाठ शाबूत. कापड फाटलं होतं ते नेमकं टिपेच्या रेषेवर, पोस्टाचं तिकीट पानावरून सुटावं तसं सरळ. उरलेली रात्र भिजत काढली. घर जवळ होतं म्हणून दुसऱ्या दिवशी हसू आलं. आंबोलीच्या रानात किंवा हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर हेच झालं असतं, तर ओल्या कपड्यांत वाऱ्यात बसणं जीवावर बेतलं असतं.

चूक काय झाली? मजबुतीसाठी आम्ही बारीक टाके घातले, आणि एकावर एक चार-पाच टिपा मारल्या. पण प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. भोकं जवळजवळ आली की कापड तिथेच कमजोर होतं, आणि पाणीही तिथूनच शिरतं. म्हणून एवढं लक्षात ठेवा: भोकं कमी करायची आणि ताण वाटून द्यायचा. बाकीचं सगळं यातूनच येतं.

ही गोष्ट आपल्या किनाऱ्याला नवी नाही. शिडाच्या गलबतांची शिडं कापडाच्या पट्ट्या जोडूनच शिवत. शिडाच्या कडेला दोर शिवलेला असे आणि कोपऱ्यांवर कापडाचे जादा थर. वाऱ्याची ओढ कापडावर एका जागी न येता दोरावर आणि थरांवर वाटली जाई. टार्प म्हणजे आडवं बांधलेलं शीडच. बाहेरचं उदाहरण द्यायचं तर अमेरिकेत रे जार्डिन आणि त्यांची पत्नी जेनी यांनी १९९० च्या दशकात, घरी शिवलेलं सामान घेऊन पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही चार हजार किलोमीटरहून लांब वाट चालून काढली.

आता कापड. कोटिंग केलेलं पॉलिएस्टर घ्या. नायलॉन पाणी पितं आणि सैलावतं. संध्याकाळी ताणलेला टार्प पहाटे पोट सोडून लोंबतो. पन्हा साधारण दीड मीटरचा मिळतो, म्हणून तीन मीटरचे दोन तुकडे, म्हणजे सहा मीटर कापड. कापड चौरस मीटरला ६० ग्रॅमचं असेल, तर अख्खा टार्प साधारण अर्धा किलोचा होतो. दोरा पॉलिएस्टरचा हवा, सुती दोरा ओलीत कुजतो. कापडाला १४ नंबरची सुई, पट्ट्यांना १६ किंवा १८. टाका तीन मिलिमीटरचा ठेवा. टाचण्या लावू नका, त्यांचीही भोकं पडतात. कपडे वाळत घालायचे चिमटे चालतात.

दोन तुकड्यांचा जोड आढ्यावर येऊ द्या. तिथे पाणी थांबत नाही. शिवण कशी घालायची ते जीन्सच्या पायाची शिवण बघून कळेल. एका तुकड्याची कड एक सेंटीमीटर बाहेर ठेवून पहिली टीप मारायची. मग ती कड दुसऱ्या कडेवर दुमडायची, जोड उघडून सपाट करायचा आणि दुसरी टीप मारायची. कच्ची कड आत जाते आणि ताण दोन टिपांवर वाटला जातो. दुमडीचं तोंड उताराच्या बाजूला ठेवा, म्हणजे पाणी त्यावरून घसरून जातं.

कोपरे हे खरं काम. प्रत्येक कोपऱ्यावर त्याच कापडाचा, पंधरा सेंटीमीटर बाजूचा त्रिकोण लावा. जुन्या सॅकचा पट्टा दुमडून त्याचा फासा करा आणि त्रिकोणावर बसवा. त्यावर चौकोनी टीप मारून आत फुली मारा. तीच तीच टीप पुन्हा मारू नका. कडेची दुमड करतानाही आतून नाडीची पट्टी शिवली, तर शिडाच्या दोराचं काम ती करते.

शिवून झाल्यावर शिवणी बंद करायच्या. कापडाला सिलिकॉनचं कोटिंग असेल तर सिलिकॉनच चिकटतं. पीयू कोटिंगला पीयूचंच सीलर लागतं. कापड घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा. सिलिकॉन असेल तर मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने लावा. हे काम पडवीत किंवा उघड्यावर करा आणि दिवसभर वाळू द्या.

बांधायचं कसं? सड्यावर जांभ्यात मेख शिरत नाही, तिथे चिऱ्याला दोरी बांधा. वाळूत मेख उपटून येते. त्यासाठी उरलेल्या कापडाच्या वीतभर पिशव्या शिवा, वाळू भरा, दोरी बांधून हातभर खोल पुरा. आणि टार्पखाली चूल किंवा स्टोव्ह नको, हे कापड वितळतं.

शिकायला सुरुवातही या पिशव्यांपासूनच करा. एक पिशवी चुकली तर नुकसान हातभर कापडाचं. मग टार्प शिवा, आणि जूनमध्ये पहिल्या जोरदार पावसात आधी आपल्याच खळ्यात बांधा. एक रात्र त्याखाली झोपा. गळलं तर उठून घरात जाता येतं. डोंगरात ती सोय नसते.