तलफ आणि हात यांच्यामधली मिनिटं

उपचार घेऊन घरी आलेला माणूस महिन्याभरात पुन्हा पितो, तेव्हा घरोघरी एकच निदान होतं: 'मनाचा पक्का नाही.' सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे निदान बाजूला ठेवलं. तलफ उठल्यापासून बाटलीला हात लागेपर्यंत जी मिनिटं जातात, त्यांत काय करायचं हे त्या माणसाला कुणी शिकवलंय का, असा प्रश्न त्यांनी विचारला.

त्यांपैकी ॲलन मार्लाट यांचा विषय होता व्यसनाकडे पुन्हा घसरणं. तलफ लाटेसारखी चढते आणि ओसरते. तिच्याशी झुंजू नका, शरणही जाऊ नका; ती छातीत जाणवते की घशात, ते पाहत तरून राहा, असं ते शिकवत. दुसऱ्या मार्शा लिनेहान. १९६१ मध्ये त्या स्वतः हार्टफर्डच्या एका मनोरुग्णालयात दाखल झाल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तिथे राहिल्या. हे त्यांनी २०११ मध्ये त्याच संस्थेत उभं राहून जाहीर केलं. आत्महत्येच्या काठावर असलेल्यांसाठी त्यांनी 'डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी' घडवली. या डीबीटीचं मूळ पाठ्यपुस्तक १९९३ चं. पुढे अमली पदार्थांच्या व्यसनासाठी तिच्यात खास भर पडली.

आज मिळणारे थोडे पैसे की काही काळाने मिळणारे जास्त, असं विचारलं तर व्यसनी व्यक्ती इतरांपेक्षा अधिक वेळा 'आज' निवडतात, हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. अशा माणसाला दूरच्या फायद्यावर व्याख्यान देऊन काय साधणार? म्हणून डीबीटी त्याच्या हाताला काम देते. आधी थांबायचं, एक पाऊल मागे सरायचं, आत-बाहेर काय चाललंय ते पाहायचं, मग ठरवून हलायचं. डोकं फारच तापलं तर श्वास रोखून गार पाण्यात चेहरा बुडवायचा. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. (हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.) माल पुरवणाऱ्याचा नंबर फोनमधून काढून टाकायचा. रोज तक्त्यावर तलफेची तीव्रता आकड्यात मांडायची.

आणि पाय घसरलाच तर? ध्येय पूर्ण वर्ज्यतेचंच राहतं, पण एका पेगचं रूपांतर आठवडाभराच्या पिण्यात होऊ न देणं हेही कौशल्यच मानलं जातं. नंतर समुपदेशकासोबत बसून कडी-कडी उलगडायची: झोप अपुरी, सकाळी भावाशी भांडण, खिशात पगार, जुना मित्र. पुढच्या खेपेला यातली कोणती कडी तोडता येईल?

मूळ डीबीटी बाह्यरुग्णांसाठी होती: आठवड्याला एक व्यक्तिगत भेट, एक कौशल्यवर्ग आणि अडीअडचणीला फोन. जर्मनीत फ्रायबुर्ग इथे मार्टिन बोहुस आणि सहकाऱ्यांनी ती तीन महिन्यांच्या निवासी उपचारात बसवली. निवासाचा फायदा उघड आहे. नाश्त्याच्या रांगेतला धक्का, घरून आलेला फोन, खोलीतल्या सोबत्याचं घोरणं, असे भडकण्याचे प्रसंग दिवसभर येतात. वर्गात शिकलेलं तासाभरात वापरता येतं आणि फसलं तर त्याच संध्याकाळी तपासता येतं. शरीर नशेतून बाहेर काढण्याचं वैद्यकीय काम मात्र वेगळं. कौशल्यं त्याची जागा घेत नाहीत.

निवासाची मर्यादाही तिथेच आहे. फाटकाच्या आत गुत्ता नाही. तिथे जमलेलं थांबणं पगाराच्या दिवशी चौकात जमेलच असं नाही. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची वाट वेगळी, तरी तिथेही दाखल राहण्याइतकंच घरी गेल्यानंतरच्या फॉलोअपला महत्त्व आहे, ते याचमुळे.

घरच्यांची वाटणीही इथूनच सुरू होते. 'आता पुन्हा पिणार नाहीस ना?' या प्रश्नाला 'नाही' हे एकच उत्तर असतं आणि ते काही सांगत नाही. 'आज तलफ आली तेव्हा काय केलंस?' असं विचारलं तर तो सांगू लागतो, आणि सांगताना पुढच्या वेळेची तयारीही होते.